सात पेशंटपासून सुरू झालेलं काम: हार्ट फेल्युअरच्या संशोधनावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात मी एक वाक्य लिहिलं होतं, की माझा अर्धा आठवडा हार्ट फेल्युअरच्या ओपीडीत जातो आणि अर्धा संशोधनात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त याच विषयावरचे घेतलेत. लांब पत्रं थोडी कापलीयेत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: हार्ट फेल म्हणजे हार्ट बंद पडणं ना? मग बंद पडलेल्या हार्टवर संशोधन कसलं करता?

नाही हो, बंद पडतं त्याला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात. फेल्युअर म्हणजे हार्ट चालू आहे पण शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलत नाहीये, किंवा ढकलतंय पण त्यासाठी आतलं प्रेशर फार वाढतंय, मग पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. म्हणून आम्ही प्रत्येकाला विचारतो की झोपताना उशा किती घेता. हा शब्दच वाईट आहे असं माझं स्पष्ट मत आहे, ऐकूनच माणूस खचतो, आणि यातले किती तरी लोक औषधांवर वर्षानुवर्षं चालते-फिरते राहतात.

प्रश्न: सर, मी कार्डिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे सिनियर सांगतात अँजिओप्लास्टीत हात बसव, बाकी काही बघू नकोस. मला मात्र वॉर्डातले हार्ट फेल्युअरचे पेशंट डोक्यातून जात नाहीत, ते परत परत ॲडमिट होतात आणि मला प्रश्न पडत राहतात. यात संशोधनाचं करिअर होतं का? सुरुवात कुठून करू? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.

होतं. आणि तुझा पहिला विषय तुझ्या पत्रातच आहे, 'परत परत ॲडमिट होतात' हे तू सहज लिहून गेलास.

माझी सुरुवात पण तिथूनच झाली. शिकत असताना वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटचं मी एका वहीत लिहून ठेवायला लागलो, जाताना वजन किती, क्रियॅटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती, कुठली गोळी किती डोसची, आणि पुढच्या वेळी आला तेव्हा काय परिस्थिती. ग्रँट नाही, गाईड नाही, नुसती वही. काही महिन्यांनी पानं चाळली आणि मला लाज वाटली, कारण गोळ्या बरोबर होत्या पण डोस पहिल्या दिवशी होता तोच, सगळ्यात कमी, तो पुढे कुणी वाढवलाच नव्हता, आणि त्यात माझे स्वतःचे पेशंट पण होते. त्या वहीचा पेपर कधी झाला नाही. पण डॉक्टरला आपण काय करतोय असं वाटतं आणि तो खरं काय करतो यात केवढं अंतर असतं ते मला तिथे कळलं.

हाच प्रश्न पुढे इतरांनी मोठ्या प्रमाणावर नीट विचारला. २०२२ साली स्ट्राँग-एचएफ (एचएफ म्हणजे हार्ट फेल्युअर) या ट्रायलचा, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघणाऱ्या अभ्यासाचा, निकाल आला, १०७८ पेशंट, अर्ध्यांना नेहमीची ट्रीटमेंट, अर्ध्यांना डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत न्यायचं आणि मध्ये मध्ये बोलावून तपासायचं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा ॲडमिशन हे नेहमीच्या गटात २३.३ टक्के झालं आणि दुसऱ्या गटात १५.२ टक्के. नवीन औषध एकही नाही, सगळी आधीपासून दुकानात मिळणारी. ट्रायल ठरल्यापेक्षा लवकर थांबवावी लागली, कारण फरक एवढा स्पष्ट होता की अर्ध्या लोकांना त्यापासून लांब ठेवणं योग्य राहिलं नाही. मला ही ट्रायल फार आवडते आणि तुझ्यासारख्या मुलांनी ती आधी वाचावी असं मला वाटतं.

करिअर कसं सरकतं ते सांगतो. आधी कुणाच्या तरी चालू ट्रायलमध्ये सब-इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे मुख्य संशोधकाच्या हाताखालचा डॉक्टर, म्हणून शिर, तिथे कन्सेंट कसा घेतात, एखादा मृत्यू हार्टमुळे झाला की दुसऱ्या कशानं हे समिती बसून कसं ठरवते, एक पेशंट फॉलोअपला आला नाही तर किती नुकसान होतं, हे सगळं हातानं केल्याशिवाय कळत नाही. इको (हार्टची सोनोग्राफी) स्वतः करायला शीक, दुसऱ्यानं लिहिलेल्या ईएफच्या, म्हणजे हार्टच्या पंपिंगच्या टक्क्याच्या, आकड्यावर जन्मभर विसंबून राहू नकोस. आणि एक संख्याशास्त्रज्ञ मित्र कर, काम संपल्यावर नाही, सुरू व्हायच्या आधी. मग आपली रजिस्ट्री (पेशंटची नीट ठेवलेली नोंद), मग लहान ट्रायल, मग कधीतरी मोठ्या ट्रायलच्या स्टिअरिंग कमिटीत, म्हणजे ती कशी चालवायची ते ठरवणाऱ्या समितीत, जागा. यात पंधरा-वीस वर्षं सहज जातात. अँजिओप्लास्टीत बंद नळी उघडलेली टेबलवरच दिसते आणि ते समाधान खरं आहे, मी ते कमी लेखत नाही. इथे तू आज लावलेल्या गोळीचा उपयोग झाला का हे एका पेशंटकडे बघून कधीच कळत नाही, हजारो मोजावे लागतात.

हार्टच्या मोठमोठ्या ट्रायल करणारे डॉक्टर सलीम युसुफ यांचा प्रवास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांनी मोठ्या पण साध्या ट्रायल कशा करायच्या ते शिकून घेतलं, मग अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत सॉल्व्हड आणि डिग अशा हार्ट फेल्युअरच्या मोठ्या ट्रायलवर काम केलं आणि पुढे कॅनडात मॅकमास्टरला गेले. यातली डिग ट्रायल बघ. डिजिटॅलिस हे हार्टचं जुनं औषध विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरनं १७८५ साली पुस्तक लिहून जगापुढे आणलं, आणि त्यानं माणसं जास्त जगतात का हे ६८०० पेशंटवर नीट तपासून निकाल छापून आला १९९७ साली. २१२ वर्षं! मृत्यूत फरक नाही, हॉस्पिटलात यायचं प्रमाण मात्र कमी. इतकी वर्षं सगळे देत होते आणि कुणालाच नक्की माहिती नव्हतं.

आणि अजून प्रश्न संपलेले नाहीत. २०१७ च्या इंटर-सीएचएफ अभ्यासात १६ देशांतले ५८२३ पेशंट वर्षभर बघितले तर मृत्यूचं प्रमाण आफ्रिकेत ३४ टक्के, भारतात २३, चीनमध्ये ७. आजार तोच. वय, औषधं, बाकीचे आजार हे सगळं हिशोबात धरूनही त्या फरकातला बराचसा भाग उलगडला नाही. तुला विषय कमी पडणार नाहीत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. माझं पंपिंग ३० टक्के आहे आणि डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल लावलीये. माझे एक जुने परिचित डॉक्टर आहेत, वय ८५, ते म्हणाले आमच्या वेळी हार्ट फेलला ही गोळी द्यायला सक्त मनाई होती. कोण बरोबर?

दोघंही बरोबर, आणि गुरुजी, तुमचा प्रश्न माझ्या सगळ्यात आवडीचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

ही गोळी हार्टचा वेग आणि जोर दोन्ही कमी करते. तुमच्या परिचितांना शिकवलं गेलं की हार्ट आधीच कमजोर आहे, त्याचा जोर आणखी काढला तर पेशंट जाईल. तर्कात काहीच चूक दिसत नाही. शिवाय गोळी एकदम जास्त डोसनं दिली तर पेशंट खरंच बिघडतो, त्यांनी तसं डोळ्यांनी बघितलंही असेल.

१९७५ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा पेपर छापला. सात पेशंट, सगळ्यांचं हार्ट मोठं आणि खूप कमजोर झालेलं, आणि त्यांना हीच मनाई असलेली बीटा ब्लॉकर जातीची औषधं दिली आणि ते सुधारले. सात जण म्हणजे पुरावा म्हणून काहीच नाही, तुलनेला दुसरा गट पण नाही, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला नाही आणि ठेवायलाही नको होता. पण त्या माणसांनी काम सोडलं नाही. १९९३ मध्ये ३८३ पेशंटची ट्रायल झाली, त्यात हार्ट ट्रान्सप्लांटची गरज कमी झालेली दिसली पण मृत्यू कमी झाले असं काही म्हणता आलं नाही. अखेर १९९९ साली दोन मोठे निकाल आले, सिबिस-२ मध्ये २६४७ पेशंट आणि बिसोप्रोलॉल, मेरिट-एचएफमध्ये ३९९१ पेशंट आणि तुमची मेटोप्रोलॉल, आणि दोन्हीत मृत्यू साधारण ३४ टक्क्यांनी कमी. १९७५ ते १९९९, चोवीस वर्षं. मी जेव्हा जेव्हा थकतो तेव्हा हा हिशोब मला आठवतो.

आता याच्या उलट बघा. त्याच काळात कितीतरी हुशार लोक हार्टचा जोर वाढवणारी औषधं शोधत होते, त्यात मिलरिनोन नावाचं एक, शिरेतून दिलं की आकडे एकदम सुंदर सुधारायचे, रक्त पुढे जास्त जायचं, प्रेशर कमी व्हायचं. मग तेच गोळीच्या रूपात १०८८ पेशंटना देऊन बघितलं, अर्ध्यांना खरी अर्ध्यांना खोटी. १९९१ चा निकाल, खरी गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त! ट्रायल मध्येच थांबवली.

कारण असं, की हार्ट कमजोर झालं की शरीर ॲड्रिनॅलिनसारखी रसायनं ओतून त्याला पळवत ठेवतं. तास-दोन तास, दिवस-दोन दिवस त्याचा उपयोग होतो, पण महिनोन्महिने तेच चालू राहिलं तर दमलेल्या बैलाला पराणी टोचत राहण्यासारखं होतं, तो पळतो आणि मग बसतो तो उठत नाही. मिलरिनोननं टोचणी वाढवली, तुमच्या गोळीनं ती काढून घेतली. हे आता सांगायला किती सोपं वाटतं, पण हे आधी कळलं आणि मग ट्रायल झाली असं घडलेलं नाही. बरीचशी समज नंतर आली, आधी माणसं मोजली गेली.

तेव्हा गोळी घ्या, सुरुवातीला थोडा थकवा वाटला तर डॉक्टरांना सांगा, पण मनानं एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. आणि तुमच्या परिचितांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: माझ्या आईला (वय ६८) हार्ट फेल्युअर आहे. डॉक्टरांनी एका नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं विचारलंय. घरात दोन तट पडलेत, मावशी म्हणते तुझ्या आईवर प्रयोग करतायत, आणि त्यात खोटी गोळी मिळायची शक्यता आहे म्हणे. आई मात्र तयार आहे. काय करावं?

मावशींची भीती खोटी नाही, तिला हसून उडवू नका. आत्ताच वर मिलरिनोनचं लिहिलं, नवीन औषधानं नुकसान होऊ शकतं म्हणूनच तर ट्रायल करतात.

पण खोट्या गोळीबद्दल थोडं समजून घ्या. हार्ट फेल्युअरच्या आजच्या अशा ट्रायलमध्ये आईची चालू औषधं काढून घेत नाहीत, ती सगळी तशीच राहतात आणि त्यावर ही एक जास्तीची, खरी किंवा खोटी. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरला पण माहिती नसतं, कारण माहिती असेल तर नकळत त्याची नजर बदलते, माझी पण बदलेल. आणि ज्यांचा ट्रायल चालवण्याशी संबंध नाही अशा तज्ञांची एक समिती मध्ये मध्ये आकडे उघडून बघते, नुकसान दिसलं किंवा फायदा फारच स्पष्ट असला तर तीच ट्रायल थांबवायला सांगते.

डॉक्टरांना विचारा की या औषधाच्या आधीच्या टप्प्यात काय त्रास दिसले, किती वेळा यावं लागेल, काही इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, ट्रायल संपल्यावर औषध मिळणार का. कन्सेंटचा कागद घरी आणा आणि दोन दिवस वाचा. वाचायला वेळ द्यायला कुणी कुरकुर करत असेल तर माझ्या मते तिथे जाऊच नये. आई कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिची नेहमीची ट्रीटमेंट अडणार नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. आणि तिला स्वतःला फायदा होईलच असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, तो कदाचित पुढच्या कुणाला तरी होईल.

अजून एक गोष्ट आहे म्हणून सांगतो. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ या हार्ट फेल्युअरच्या औषधाच्या मोठ्या ट्रायलमध्ये ८३९९ पेशंट होते, त्यात बायका साधारण २२ टक्के. २०१९ च्या डापा-एचएफ या तशाच ट्रायलमध्ये २३ टक्के. हे फक्त बायकांना हा आजार कमी होतो म्हणून नाही, त्यांना विचारलंच कमी जातं, घरातून पाठवलं कमी जातं. आई तयार आहे, आणि निर्णय आईचा आहे.

प्रश्न: मला डायबेटीस नाही. तरी डापाग्लिफ्लोझिन का दिली? केमिस्ट म्हणाला ही शुगरची गोळी आहे.

आधी शुगरचीच होती. २००८ मध्ये एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, सांगितलं की डायबेटीसचं नवीन औषध आणाल तर त्यानं हार्टला धोका नाही हे दाखवा. म्हणून कंपन्यांना मोठ्या ट्रायल कराव्या लागल्या, धोका नाही एवढंच सिद्ध करायला. २०१५ मध्ये याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचा निकाल आला आणि हार्ट फेल्युअरसाठीची ॲडमिशन ३५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली, जे बहुतेकांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग डायबेटीस नसलेल्यांवर पण बघू असं ठरलं, तुमच्या डापाग्लिफ्लोझिनच्या डापा-एचएफ ट्रायलमध्ये ४७४४ पेशंट होते, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना डायबेटीस नव्हता, आणि फायदा दोघांनाही सारखाच झाला. तुमचा केमिस्ट चुकला नाही, माहिती जुनी आहे इतकंच.

प्रश्न: माझी मुलगी हार्ट फेल्युअरवर संशोधन करते. पाच वर्षांच्या कामाचा निकाल 'काही फरक नाही' असा आला आणि ती खोलीतून बाहेर यायला तयार नाही. बाप म्हणून तिला काय सांगू?

आज लगेच काही सांगू नका, जेवायला हाक मारा आणि जवळ बसा. माझ्या घरी पण असे दिवस आलेत आणि तेव्हा कुणी समजवायला लागलं की जास्त त्रास व्हायचा.

नंतर कधीतरी हे वाचायला द्या. क्युपिड नावाच्या ट्रायलमध्ये तपासलेली एक जीन थेरपी होती, हार्टच्या पेशीत कॅल्शियम आत ओढणारा पंप कमी झालेला असतो, त्याचं जीन व्हायरसमधून आत पोचवायचं, कल्पना इतकी सुंदर की मी स्वतः तिच्या प्रेमात होतो. ३९ पेशंटच्या लहान ट्रायलमध्ये आशा दिसली. मग २५० पेशंटवर केली आणि काहीच फरक नाही. कितीतरी लोकांची उमेदीची वर्षं त्यात गेली. पण तो निकाल छापला गेला, म्हणून पुढच्यांनी डोस, व्हायरस, पोचवायची पद्धत सगळं परत पहिल्यापासून तपासायला घेतलं.

आणि टॉपकॅट ही दुसरी ट्रायल. ३४४५ पेशंट, पंपिंग बरं असूनही फेल्युअर असलेले, औषध स्पायरोनोलॅक्टोन, २०१४ चा निकाल 'फरक नाही'. पण काही लोक तिथे थांबले नाहीत. त्यांना दिसलं की रशिया-जॉर्जियातले आणि अमेरिका खंडातले पेशंट जणू दोन वेगळ्या आजारांचे आहेत, मग साठवलेल्या रक्तात औषधाचा अंश शोधला, तर आम्ही गोळी घेतो असं सांगणाऱ्या रशियातल्या ३० टक्के लोकांच्या रक्तात तो सापडलाच नाही, अमेरिका-कॅनडात हेच प्रमाण ३ टक्के. म्हणजे औषध निकामी होतं की पोटात गेलंच नव्हतं हा प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रश्न विचारता आला कारण कुणीतरी ते रक्ताचे नमुने नीट जपून ठेवले होते.

तुमच्या मुलीचा निकाल 'काही नाही' नाहीये. तिनं तो छापला नाही तर दुसरीकडे कुणीतरी मुलगी हीच पाच वर्षं परत घालवेल. तिला लिहायला घ्यायला सांगा, आणि ड्राफ्ट वाचायला कुणी हवं असेल तर माझा मेल संपादकांकडून घ्या, मी मनापासून वाचेन.

प्रश्न: मी आयसीयूमध्ये सिस्टर आहे, १४ वर्षं झाली. संशोधन म्हणजे फक्त डॉक्टरांचंच का? आम्हाला त्यात काही जागा?

सिस्टर, हार्ट फेल्युअरमध्ये तर तुमची जागा पहिली आहे. १९९५ साली अमेरिकेतले डॉक्टर मायकल रिच यांनी ७० च्या पुढच्या २८२ पेशंटवर एक ट्रायल केली, त्यात औषध नव्हतंच, सिस्टरनं पेशंटला आणि घरच्यांना आजार समजावणं, आहार, गोळ्या, घरी गेल्यावर फोन आणि भेटी, बस. ९० दिवसांत परत ॲडमिट व्हायचं प्रमाण बरंच कमी झालं. आज जगभर हार्ट फेल्युअर क्लिनिकमध्ये नर्स असते त्यामागे अशीच कामं आहेत.

माझ्या ट्रायलमध्ये कोण पेशंट गोळी खरंच घेतोय आणि कोण नुसतं हो म्हणतोय हे मला नेहमी आमच्या रिसर्च नर्सकडून कळतं. तुम्ही गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे ट्रायल नियमानं कशी करायची याचं, ट्रेनिंग करून घ्या, ते ऑनलाईन पण होतं, आणि तुमच्या हॉस्पिटलमध्ये कुठली ट्रायल चालू आहे ते एथिक्स कमिटीच्या ऑफिसात विचारा. तोपर्यंत तुमच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटचं शेवटच्या दिवसाचं वजन एका वहीत लिहायला लागा, आठवड्यानं फोन करून घरच्या काट्यावरचं विचारा, आणि दोन-तीन किलोनं वाढलेलं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.